घोडे किती, खरं सांगा

माझ्या गाडीत घोडे किती, याचं उत्तर विचारणारा कोण आहे त्यावर ठरतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखाद्या कॉलेजच्या पोराने विचारलं तर तीनशे. पोराबरोबर त्याचा बाप असेल तर "असतील अडीचशे-बिडीचशे", कारण बापाचा पुढचा प्रश्न ॲव्हरेजचा असतो. सासऱ्यांनी विचारलं तर कंपनीने दिले तेवढेच. आणि बायकोने विचारलं तर, "अगं, घोडेबिडे काही नाहीत, जरा सॉफ्टवेअर अपडेट केलंय."

गाडी म्हणजे पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. औरंगाबादजवळ शेंद्र्याला जोडणी झालेली, १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, पाच गिअर आणि तेही हाताने टाकायचे. शोरूममधून बाहेर पडली तेव्हा १५० अश्वशक्ती आणि २१० न्यूटन-मीटर टॉर्क होता. त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर एवढ्यात माणसाने सुखी व्हायला काहीच हरकत नव्हती. पण या इंजिनाला नाही म्हणता येत नाही. संगणकाचं मॅपिंग बदला, घोडे वाढतात. एक्झॉस्ट मोकळा करा, वाढतात. मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर, पुढच्या बंपरमागे इंटरकूलर, वाढतच जातात. जगभरच्या हौशी मंडळींनी या इंजिनाकडून दुप्पट-तिप्पट काम करून घेतलंय आणि ते बिचारं करत आलंय. प्रत्येक वेळी मालक आनंदतो, इंजिन आनंदतं, पेट्रोल पंपवाला तर फारच आनंदतो. फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसलेल्या क्लचला ही आनंदाची बातमी कोणी कळवत नाही.

त्याला ती कळली कात्रजच्या नव्या बोगद्याच्या चढावर. आईला घेऊन साताऱ्याला मामाकडे निघालो होतो. चौथा गिअर होता. पुढचा ट्रक बाजूला झाला आणि मी ॲक्सिलरेटर दाबला. टॅकोमीटरचा काटा तीन हजारांवरून पाच हजारांवर उडाला. स्पीडोमीटरचा काटा होता तिथेच बसून राहिला. इंजिन साताऱ्याच्या दिशेने निघून गेलं आणि आम्ही मात्र कात्रजलाच! मग वास आला.

"काहीतरी करपलंय," आई मागून म्हणाली. "निघताना गॅस बंद केला होतास ना?"

"आई, तो क्लचचा वास आहे."

"असेल रे तो क्लचचा. पण गॅस?"

पुढचे पंधरा-वीस किलोमीटर शेजारच्या काकूंना फोन लावणं, आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे कुठल्या डब्यात आहे ते त्यांना सांगणं, मग तो डबा त्यांनी बदलल्याचं ऐकणं, यात गेले. क्लचबद्दल काळजी करायला मला खेड-शिवापूरच्या टोलनाक्यानंतरच सवड मिळाली.

मामाला काही सांगावं लागलं नाही. तो फाटकातच उभा होता. मामा एसटीतून रिटायर झालेला, उमेदीची सगळी वर्षं भोर-महाडला वरंध घाटात घालवलेली. त्याने नाक वर केलं आणि म्हणाला, "काय रं भाच्या, क्लच जाळलास व्हय?"

मी घोडे वाढवल्याचं सांगितलं. मामासमोर आकडा फुगवण्यात अर्थ नव्हता, तरी सवयीने तीनशे निघून गेलं.

"माझ्या बसला शंभर-सव्वाशे असतील," मामा म्हणाला. "आत पन्नास-साठ मानसं, टपावर आंब्याच्या पेट्या. तुज्यात किती मानसं?"

"आई आणि मी."

"मग येवढे घोडे कशापायी? ताई आधीच घाबरती."

क्लच कुठला बसवावा असं मी त्यालाच विचारलं. तो चक्रावला. क्लच निवडायचा असतो हेच त्याने कधी ऐकलं नव्हतं. सकाळी डेपोत जी गाडी मिळेल तिचा क्लच आपला. कडक असला तर कडक, मोकळा असला तर मोकळा, नसलाच तर आवाज ऐकून गिअर टाकायचे. एवढं बोलून त्याने मला एक कानमंत्र दिला, तो माझ्या आयुष्यात नंतर कुठल्याही विक्रेत्याने दिला नाही: "काम नसंल तवा पाय पेडलवरनं काढून ठेव."

पुण्याला हळूहळू परत आलो आणि नाना पेठेत उस्तादकडे गेलो. उस्ताद बोलतो कमी, दाखवतो जास्त. त्याने माझा हात पुढे घेतला, आपल्या दोन्ही तळव्यांमध्ये धरला आणि दाबला. "ओढा साहेब." मी ओढला, हात सुटेना. त्याने पकड थोडी सैल केली. "आता ओढा." हात सर्रकन बाहेर आला, मनगटापर्यंत काळा झालेला. "हा तुमचा क्लच," उस्ताद म्हणाला आणि चहा सांगायला गेला.

यापेक्षा जास्त त्यात काही नसतं. एका बाजूला इंजिनाचं फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेट, मधे लायनिंग लावलेली क्लच प्लेट. पकड किती, हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: दाब किती, लायनिंगचं घर्षण किती, प्लेटची त्रिज्या किती, आणि घासणारे पृष्ठभाग किती. कॉलेजात हे समीकरण मी पाठ केलं होतं, तेव्हा वाटलं होतं की किती सोपं आहे. आता कळलं की दाब वाढवला तर पेडल जड होतं, घर्षण वाढवलं तर गाडी उचक्या देते, त्रिज्या वाढवायला गिअरबॉक्सच्या घरात जागा नसते आणि प्लेटा वाढवायला खिशात.

उस्तादच्या मते यावर एक जुना नुस्खा होता. फोक्सवॅगनच्या सहा सिलिंडरवाल्या व्हीआर-सिक्सचा क्लच, २२८ मिलिमीटरचा, आपल्या गिअरबॉक्सात बसतो. त्याला फोक्सवॅगनच्याच जी-सिक्स्टीचं एकसंध फ्लायव्हील लावायचं. आता प्रेशर प्लेट किती कडक आणि लायनिंग कशाचं, ते तुम्ही ठरवा. "तुम्ही ठरवा" हे शब्द मेकॅनिकने उच्चारले की समजावं, पुढच्या भांडणात तो नसणार.

मी ठरवायला बसलो. बाजारात क्लच 'स्टेज'वर विकले जातात. स्टेज एक, दोन, तीन, काही ठिकाणी पाचपर्यंत. ऐकणाऱ्याला वाटतं की यामागे एखादी जागतिक संस्था असेल, परीक्षा घेत असेल. तसं काही नाही. प्रत्येक कंपनीची स्टेज तिच्या घरची. एकाची दोन ती दुसऱ्याची एक. पण मित्रमंडळींत क्लचबद्दल एकच प्रश्न विचारला जातो, "कुठली स्टेज?" त्यामुळे मी मनाशी आधी स्टेज तीन पक्की केली आणि मग ती कशासाठी लागते याचा अभ्यास सुरू केला.

लायनिंगच्या दुनियेत गेलो तर तिथे भलतीच गर्दी. ऑर्गॅनिक म्हणजे नेहमीचं, घरंदाज, हळुवार पकडणारं, पण फार तापलं की हात टेकणारं. केवलार गुळगुळीत चालतं, टिकतं, पण त्याला रुळायला फार वेळ लागतो आणि रुळायच्या आधी एकदा जोरात तापवलं की त्याचा पृष्ठभाग चकचकीत होऊन पकडच सोडतो. मग सिरॅमिक आणि धातूचं मिश्रण. ते उष्णतेला भीत नाही, आणि हळुवारपणा त्याला ठाऊकही नाही. या सगळ्या शास्त्राचा उगम शोधत गेलो तेव्हा इंग्लंडमधल्या हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थापाशी पोचलो. याने १८९७ मध्ये फेरोडो कंपनी काढली. सांगतात की डर्बीशायरच्या उतारांवर गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट लावतात हे त्याने पाहिलं आणि त्याला घर्षणाचा धंदा सुचला. त्या गाडीवानांना कोणी कुठली स्टेज विचारल्याची नोंद नाही.

शेवटी बाहेरून सुटे भाग मागवून विकणाऱ्या एका माणसाला फोन लावला. रविवारची सकाळ होती, बायको समोर मटार सोलत होती.

"सर, टॉर्क किती आहे?"

"तीनशे."

"ते घोडे झाले सर. क्लचला घोडे कळत नाहीत, टॉर्क सांगा. डायनोची शीट असेलच ना?"

शीट होती. कपाटात, वॉरंटी कार्डांच्या फाइलमध्ये, टोस्टरच्या खाली. तिच्यावर लिहिलं होतं: चाकांवर २११ अश्वशक्ती, ३१६ न्यूटन-मीटर. या २११चे तीनशे कसे होतात हे ज्यांना माहीत नाही त्यांनी कधी गाडी वाढवलेली नसावी. चाकांपर्यंत येताना वाटेत शक्ती खर्च होते, ती पंधरा टक्के धरायची असं सगळेच म्हणतात. झाले २४३. मोजलं ते मे महिन्यात, म्हणून उकाड्याचे १२. नंतर एअर फिल्टर बदलला त्याचे १०. झाले २६५. आणि २६५ नि तीनशे यांच्यात असं कितीसं अंतर असतं? मित्रांना पुढची तीस-पस्तीस मी कधी मोजायला लावली नव्हती. त्यांच्या गाड्यांची मीही मोजली नव्हती. पुण्यात या विषयावर एक अलिखित तह आहे.

पण क्लचवाल्याशी तो तह चालत नाही, हे माझ्या लक्षात यायला लागलं. कमी सांगावं तर क्लच घसरणार. जास्त सांगावं तर डाव्या पायाला जन्मठेप. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका परक्या माणसाने घोडे विचारले होते आणि खोटं बोलून फायदा होण्यासारखा नव्हता.

"आणि सर, वापर कसा आहे? रोड किती, ट्रॅक किती?"

"निम्मा-निम्मा," मी म्हणालो.

मटारची शेंग हवेतच थांबली. "निम्मा?" बायको म्हणाली. "कोइम्बतूरला एकदा जाऊन येतोस, तेही मुलांच्या परीक्षा नसल्या तर. त्याला वर्षातला निम्मा वेळ म्हणतात?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो अदबीने म्हणाला, "सर, वहिनी आहेत का? जरा त्यांना देता?"

फोन गेला. मी मटार सोलायला घेतले. तिने त्याला सगळं सांगितलं. रोज बाणेरहून हिंजवडी, सकाळी साडेआठला निघतो, पोचायचं काही सांगता येत नाही. सोसायटीचा रॅम्प फार चढाचा आहे. हो, सासूबाई बसतात, त्यांची कंबर धरते. हो, कधीकधी मीही नेते भाजीला. नाही हो, तीनशे कुठले, थांबा, तो कागद इथेच आहे. चाकांवर दोनशे अकरा.

फोन परत माझ्याकडे आला तेव्हा तो माणूस फार मोकळा वाटला. "इंजिनाला साडेतीनशेच्या वर टॉर्क धरू सर. तुम्हाला ऑर्गॅनिक प्लेट, मधे स्प्रिंगा असलेली, आणि जरा कडक प्रेशर प्लेट. चारशेपर्यंत आरामात धरेल. स्टेज एक."

"एक?"

"एक, सर."

"म्हणजे त्याच्याखाली काही आहे का?"

"त्याच्याखाली कंपनीचाच आहे, सर."

अशा वेळी माणूस मित्राकडे जातो. माझ्या मित्राने त्याच्या गाडीत सहा पकवाला क्लच बसवला आहे. त्याने काढून ठेवलेली जुनी प्लेट मी हातात घेऊन पाहिली. नेहमीच्या प्लेटला कडेने अखंड लायनिंग असतं. इथे मधल्या गोलातून सहा फाटे बाहेर आलेले आणि प्रत्येकाच्या टोकाला काड्यापेटीएवढा तांबूस-करडा तुकडा. आणि जिथे धक्का झेलायला स्प्रिंगा असतात तिथे सरळ पोलाद. मी तिच्यावरून अंगठा फिरवला. नखाचा एक कोपरा गेला.

"यात स्प्रिंगा नाहीत?" मी विचारलं.

"स्प्रिंगांनी वजन वाढतं," तो म्हणाला. त्याने पुढचं एसी काढलेलं आहे, मागची सीट काढलेली आहे, आणि स्वतःचं वजन मात्र शहाण्णव किलो आहे.

विद्यापीठ चौकापासून हिंजवडीपर्यंत मी चालवून पाहावी असं ठरलं. पेडल दाबलं, म्हणजे दाबायला सुरुवात केली. ते जात नव्हतं. सीट दोन घरं पुढे घेतली, पाठ टेकवली, श्वास रोखला, तेव्हा कुठे गेलं. मग पाय उचलू लागलो. काही नाही. अजून उचलला. काही नाही. अजून एक नखभर, आणि गाडी एकदम पुढे उडून दोन उचक्या देऊन बंद पडली.

"सवय होते," मित्र म्हणाला.

मागे रिक्षा, तिच्यामागे पीएमपीची बस, दोघांनीही हॉर्नवर हात ठेवलेला. पुन्हा सुरू केली, रेस दिली, पाय सोडला. गाडी चौदा फूट गेली आणि पुढे सगळं थांबलेलं असल्यामुळे मलाही थांबावं लागलं. त्या क्लचची मुख्य अडचण हीच आहे की त्याला 'थोडंसं' हा प्रकार मान्य नाही. हाफ क्लच हा आपल्याकडच्या नागरी जीवनाचा पाया आहे. वाहतूक जरा सरकते, आपण जरा सरकतो. इथे एक तर उभं राहायचं नाहीतर समोरच्याच्या डिकीत जायचं. औंधपर्यंत मी इतक्या वेळा गाडी बंद पाडली की शेजारी स्कूटरवर थांबलेल्या एका मुलीने काच वाजवली. मी काच खाली घेतली. "काका, एल बोर्ड लावा ना," ती सौजन्याने म्हणाली. "लोक सांभाळून घेतात."

"सवय होते," मित्र म्हणाला, पण या वेळी खिडकीबाहेर बघून.

बायको फिजिओथेरपिस्ट आहे. आम्ही घरी परतलो तेव्हा मित्र सोफ्यावर बसला आणि तिची नजर त्याच्या पायांवर गेली. तिने मोजपट्टी आणली. डावी मांडी उजवीपेक्षा सव्वादोन सेंटिमीटरने जास्त भरली. "फुटबॉल खेळता का?" तिने विचारलं. त्याने नाही म्हटलं. "मग डावा गुडघा दाखवायला केव्हा येताय?" त्याने पुढच्या गुरुवारची वेळ घेतली.

त्या संध्याकाळी मी स्टेज एकची ऑर्डर दिली. मित्रांना 'कस्टम' सांगायचं ठरवलं. ते अगदीच खोटं नव्हतं, कस्टम ड्यूटी भरलीच होती.

क्लचचा खोका आला, गाडी उस्तादकडे गेली, आणि तिथे माणसाच्या इतिहासातलं सर्वांत महागडं वाक्य उच्चारलं गेलं: "साहेब, गिअरबॉक्स उतरतोयच, तर..." क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. उतरवायची मजुरी एकदाच. त्यामुळे उतरतोयच, तर रिलीज बेअरिंग नवीन टाकून घेऊ. उतरतोयच, तर क्रँकचं मागचं ऑइल सील बदलू, नाहीतर उद्या तेल गळून नवी प्लेट जाईल. हे पटण्यासारखं होतं. उतरतोयच, तर गिअरबॉक्सचं तेल. उतरतोयच, तर माउंटिंग. उतरतोयच, तर क्लचचा खालचा सिलिंडर. उतरतोयच, तर शाफ्टचे बूट फाटलेत बघा, हे तर उतरवताना मीच पाहिले. दुपारपर्यंत क्लच हा बिलातला सर्वांत किरकोळ आयटम झाला होता. संध्याकाळी उस्तादचा पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, उतरलाच आहे, तर हॉर्न बदलायचा का?" हॉर्न गिअरबॉक्सच्या आसपासही नसतो. मी हो म्हणालो.

फ्लायव्हीलचा प्रश्नही तिथेच निकालात निघाला. कंपनीचं फ्लायव्हील दोन भागांचं होतं, मधे स्प्रिंगा, इंजिनाची थरथर गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नये म्हणून. ते वजनदार असतं, महाग असतं आणि खराब झालं की पूर्ण बदलावं लागतं. जी-सिक्स्टीचं एकसंध लोखंड या भानगडीत पडत नाही. थरथर आली की ती जशीच्या तशी पुढे पाठवून देतं. त्यामुळे गाडी न्यूट्रलमध्ये उभी असली की गिअरबॉक्समधले रिकामे गिअर एकमेकांवर खडखडतात. क्लच दाबला की आवाज बंद, सोडला की सुरू. पहिल्याच रात्री वॉचमन टॉर्च घेऊन आला. "साब, डिक्की में बर्तन रह गए क्या?" तेव्हापासून तो रोज एकदा तरी विचारतो. आईला मात्र आवाजाचं काही वाटलं नाही, पहिल्या दोन दिवसांत नवी प्लेट बसताना गाडीने एक-दोन उचक्या दिल्या तेव्हा ती म्हणाली, "कोणीतरी आठवण काढतंय गाडीची." खरंच होतं ते. दुरुस्तीचे पैसे अजून द्यायचे होते.

आता खरी कसोटी. खोक्यात एक कागद होता. त्यात लिहिलं होतं की नवी प्लेट रुळेपर्यंत, म्हणजे पहिले आठशे किलोमीटर, गाडी जोरात पळवायची नाही. ट्रॅक नाही, झपकन निघणं नाही. आणि हे आठशे किलोमीटर शहरातले हवेत, थांबत-निघत. महामार्गावरचे मोजायचे नाहीत, कारण तिथे क्लच एकदा पकडतो आणि पकडूनच बसतो. घासल्याशिवाय प्लेट आणि फ्लायव्हील यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही.

म्हणजे तीनशे घोड्यांचा (हो, तीनशेच) मालक असून मला आठशे किलोमीटर वाहतूककोंडी शोधत फिरायचं होतं.

सुरुवातीला रोजच्या जाण्यायेण्यावर भागलं. पण आपल्याला हवी असते तेव्हाच कोंडी मिळत नाही. हिंजवडीचा एक सिग्नल मला ओळीने हिरवा मिळायला लागला. इतकी वर्षं लोकांनी नगरसेवकांकडे ज्यासाठी अर्ज केले ते माझ्या नशिबी आपोआप आलं, आणि मी स्टीअरिंगवर हात आपटून चरफडत होतो. मग मी वाट बदलली. जिकडे नकाशात रस्ता गडद लाल तिकडे गाडी वळवायची. ऑफिसातल्या लोकांना सोडायला निघालो. कोणी नाना पेठेत राहतो म्हटलं की मला आनंद होई. वाकडला राहणाऱ्याला मी लक्ष्मी रोडवरून नेलं. तो बिचारा गाडीत बसून बायकोला फोनवर सांगत होता, "हो गं, साहेब सोडतायत. नाही, शॉर्टकट आहे म्हणतात."

गणपतीच्या आधीचा शनिवार तर पर्वणी होती. आईला मंडईत जायचं होतं, ती रिक्षाने जाते म्हणाली, मी हट्टाने गाडी काढली. बेलबाग चौकात आम्ही पाऊण तास होतो. पाय उचलायचा, गाडी चाकाच्या एका वळशाएवढी सरकवायची, थांबायचं. नवा क्लच असा काही पकडत होता की मला भरून आलं. पेडल जुन्यापेक्षा किंचित जड, पण कुठे पकडतो ते तळपायाला नेमकं कळत होतं. आसपास सगळे हॉर्न वाजवत होते, भांडत होते, एक टेम्पोवाला खाली उतरून हातवारे करत होता. आई म्हणाली, "तू बरा शांत आहेस रे आज." शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी काच खाली करून मला विचारलं, "पुढे काय झालंय काही कळलं का?" "काही नाही," मी हसून म्हणालो, "बसू दे की जरा." त्यांनी घाईने काच वर घेतली.

कागदावरचे किलोमीटर भरले तेव्हा थंडी पडली होती आणि कोइम्बतूरचा ट्रॅक डे जवळ आला होता. एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा करी मोटर स्पीडवे चेट्टीपाळयमला आहे, फेरी २.१ किलोमीटरची, म्हणजे पुण्याहून हजारावर किलोमीटर जायचं आणि तिथे गोल-गोल फिरून परत यायचं. मी आणि मित्र आपापल्या गाड्या घेऊन गेलो.

तिथे मला क्लचबद्दल जी माहिती मिळाली ती आधी मिळाली असती तर नखाचा कोपरा वाचला असता. ट्रॅकवर क्लच वापरातच फारसा येत नाही. एकदा पिटमधून निघालात की गिअर बदलताना पाय अर्धा सेकंद दाबायचा आणि सोडायचा, तोही फेरीत मोजक्या वेळा. मोकळ्या पट्ट्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये मी पूर्ण दाबून धरलं, दोन्ही काटे एकत्र वर गेले, कसला वास नाही की काही नाही. स्टेज एकने कुठेही पाऊल मागे घेतलं नाही. मागे पडलो तो माझ्या ब्रेक लावण्यामुळे, त्याला कुठल्याच क्लचवाल्याकडे औषध नव्हतं. बंगळुरूच्या एका पोराने पिटमध्ये विचारलं, कुठला क्लच? मी कस्टम म्हणालो. घोडे किती? त्याच्या हातात टायरमधली हवा मोजायचं यंत्र होतं आणि चेहरा अभ्यासू होता. मी २६५ म्हणालो. एवढ्या थोड्या वेळात एवढं पुष्कळ झालं.

क्लचचं खरं काम निघालं ते दुपारी. तपासणीसाठी आणि मग ट्रॅकवर सोडण्यासाठी गाड्यांची रांग लागली. ऊन तापलेलं, रांग एका वेळी गाडीच्या लांबीएवढी सरकणारी, मग पुन्हा थांबणारी. बेलबाग चौकच, फक्त हेल्मेट घातलेला. माझ्या पुढे कोणाचा तरी दोन प्लेटांचा क्लच दर वेळी धडधडा थरथरत होता, आणि त्याच्या पुढची गाडी दर वेळी निघताना बंद पडत होती. मी मामाच्या कानमंत्राप्रमाणे न्यूट्रलमध्ये पाय काढून बसलो होतो. माझी भांडी खडखडत होती. पण रांग हलली की मी एका तळव्याने सरकत होतो.

मित्र माझ्या मागे होता. थोड्या वेळाने आरशात पाहिलं तर त्याच्या गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर कोणीच दिसेना. तो दार उघडं ठेवून बाहेर उतरला होता. एक हात खिडकीतून स्टीअरिंगवर, खांदा खांबाला लावलेला, हेल्मेट डोक्यावर तसंच, आणि शहाण्णव किलोंचा तो माणूस आपली गाडी ढकलत रांगेत पुढे आणत होता. डाव्या गुडघ्याला पट्टा होता. माझ्या खिडकीशी आल्यावर तो थांबला, हेल्मेटची काच वर केली आणि धापा टाकत म्हणाला,

"सवय होते."